उजव्या पायातली शीर

मला हृदयाचा आजार आहे हे कळायच्या आधी माझी एक चांगली दाढ गेली. तेव्हा मी चकलांब्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. पन्नाशी ओलांडली होती. शाळा टेकाडावर. चढ चढून वर्गात गेले की डाव्या जबड्यात ठणका लागायचा आणि खुर्चीवर बसले की थांबायचा. छातीत काही नाही, घाम नाही, चक्कर नाही. मला वाटलं दाढ किडली. गेवराईला जाऊन मी ती उपटून घेतली. दातांचे डॉक्टर म्हणत होते, “बाई, दाढ तशी बरी दिसतेय.” मीच हट्ट धरला. दाढ गेली, ठणका राहिला.

पुढं एका सकाळी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन चढत होते, तर जबड्याचा ठणका खाली उतरला, खांद्यात गेला आणि पाठीत दोन फऱ्यांच्या मधोमध कुणीतरी मूठ दाबून धरावी तसं झालं. मी गठ्ठा ठेवला आणि पायरीवरच बसले. आमच्या मुख्याध्यापकांनी माझा चेहरा पाहिला आणि काही न विचारता गावातली जीप बोलावली. आमचे मालक शेती करतात. ते कापसाच्या रानातून थेट जीपपाशी आले. पायाला चिखल, हातात खुरपं. ते खुरपं बीडपर्यंत आमच्याबरोबर आलं.

बीडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि तेव्हाच्या औरंगाबादला पाठवलं. तिथे अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या. बायपास करावी लागेल म्हणाले. मी मालकांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते कमी बोलणारे. एवढंच म्हणाले, “करायचं तर करू. तू घरी आली पायजे, बाकी मी बघतो.”

ऑपरेशनचं मला काही आठवत नाही. आठवतं ते नंतरचं, वॉर्डातलं. छातीला मधोमध टाके, आत हाड तारेनं बांधलेलं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. पण खरं दुखायचा तो पाय. उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत चिकटपट्ट्या आणि वरून ताणाचं बँडेज. पाय खाली सोडला की जड व्हायचा, जणू दुसऱ्या कुणाचा.

शेजारच्या खाटेवर बीडच्या एक बाई होत्या. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांच्या घरचा फळांचा धंदा. मुलगा आणि सून आळीपाळीनं जवळ असायचे. त्यांचं ऑपरेशन माझ्या आदल्या दिवशी झालेलं. सगळं वॉर्ड त्यांना आपा म्हणायचं, मीही म्हणू लागले. त्या मला बाई म्हणायच्या, कारण मी शाळेतली बाई. मी शुद्धीवर आल्यावर माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य होतं, “बाई, दुखणं छातीचं अन् कापला पाय. ह्यो कोनता हिसाब?”

मला हसू आलं आणि हसताना टाके असे ओढले गेले की डोळ्यात पाणी आलं. आपाही हसल्या आणि त्यांचंही तेच झालं. दोघी उशा कवटाळून बसलो. नर्स धावत आली.

श्वासाच्या व्यायामासाठी आम्हाला तीन रंगीत गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं. नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर चढतात. आपा दोन गोळ्या उचलायच्या, मी एकच. मला वर्गात शेवटचा नंबर आल्यासारखं वाटायचं. मी सकाळ-संध्याकाळ ओढत बसे. माझ्या दोन चढल्या त्या दिवशी आपांच्या तीन चढल्या.

तिथले सर्जन तरुण होते आणि घाईत नसायचे. एका फेरीत आपांनी त्यांना तोच हिसाब विचारला. ते स्टूल ओढून आमच्या दोन खाटांच्या मध्ये बसले.

“हृदयाच्या नळ्या जिथे तुंबल्यात, त्याच्या पुढच्या भागात नव्या वाटा जोडल्या,” ते म्हणाले. “दोघींनाही तीन-तीन. एक वाट छातीच्या आतल्या धमनीची केली. ती तिथलीच होती, नुसती वळवून जोडली. बाकीच्या दोन पायातून काढलेल्या शिरेच्या.”

“मग पायाचं कसं?” मी विचारलं.

“पायातून रक्त परत वर नेणाऱ्या आणखी शिरा आत असतात. त्या काम उचलतात. थोडे दिवस सूज येईल, घोट्यापाशी बधीर लागेल.”

“अन् ही पायाची शीर छातीत टिकंल किती?” आपांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “खरं सांगू का, छातीतल्या धमनीचं आम्हाला फारसं भय नसतं. ती बहुतेक वर्षानुवर्षं टिकते. शिरेचं तसं नाही. काही पहिल्याच वर्षात बंद पडतात. काही दहा वर्षं, पंधरा वर्षं चालतात. तुमची कुठली, हे मला आज सांगता येणार नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, रोज चालायचं, साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं. आणि तंबाखू कुठल्याही रूपात नको.”

शेवटचं वाक्य ऐकून आपांनी तोंड भिंतीकडे केलं. त्या मिसरी लावायच्या. लग्नाआधीपासून, सकाळी उठल्यावर आणि जेवल्यावर, भाजलेली काळी तंबाखू दातांना. डॉक्टर गेल्यावर त्यांनी गादीखालून एक पत्र्याची डबी काढली आणि माझ्याकडे सरकवली. “तुमी मास्तरीण हायत. तुमच्याजवळ ठेवा. मी मागितली तरी देऊ नका.”

संध्याकाळी त्यांनी मागितली. मी दिली नाही. दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा आला तेव्हा आपला बिस्कीटपुडा माझ्या खाटेवर टाकून म्हणाल्या, “घे. लई कडक हायस तू.”

तिथून ‘तू’ सुरू झालं, दोन्हीकडून.

घरी आल्यावर माझं आयुष्य नियमावर चाललं. मी मूळचीच नियमाची. गोळ्यांच्या डबीला खण होते. त्यातला एकही खण कधी चुकला नाही. पहाटे फटफटलं की मी गावाबाहेरच्या रस्त्यावर चालायला निघायचे. सुरुवातीला मारुतीच्या पारापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग पार कालव्याच्या पुलापर्यंत. मांडी घालून बसायला पायाचे टाके देईनात, म्हणून मालकांनी चुलीपाशी एक उंच ओटा बांधून घेतला आणि भाजीत तेल किती पडतं यावर ते स्वतः डोळा ठेवू लागले. “तुमी घरात आलात की मला शाळा तपासणी आल्यासारखं वाटतं,” मी म्हणायचे. ते डबा झाकून ठेवायचे.

आपांचं तसं नव्हतं. त्यांचं घर माणसांनी भरलेलं. सणावाराला काय खाल्लं जाईल याचा भरवसा नाही. मिसरी सुटायला तर वर्षं लागली. रोज संध्याकाळी आमचा फोन व्हायचा. “आज न्हाई लावली,” आपा सांगायच्या. आठवड्यातून एखाद्या दिवशी आवाज बारीक व्हायचा. “आज लावली. एकच बोट.” मी रागवायचे, त्या ऐकून घ्यायच्या. खोटं कधी बोलल्या नाहीत. तोंडाला चाळा म्हणून भाजलेली बडीशेप धरली, ती सगळ्या सुनांना वाटली, नातवंडांनी पळवली. एका रमजानमध्ये त्यांनी ठरवलं की दिवसभर तशीही लावता येत नाही, तर रात्रीही लावायची नाही. ईदच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. “बाई, घरातली डबी सुनेनं विसळून टाकली. आता तिच्यात शिलाईच्या सुया हायेत.”

तपासणीला आम्ही दोघी एकाच दिवशी जायचो. मी गावाहून बीडच्या बसस्टँडवर उतरायचे. तिथं आपा मुलाबरोबर पिशवी घेऊन बसलेल्या असायच्या आणि पिशवीत मोसंबी असायची. साखर मलाही होती, त्यांनाही. डॉक्टरांनी अर्धं फळ चालेल म्हटलेलं. आपा एक सोलायच्या आणि दोघींत अर्धं अर्धं करायच्या. मग थोड्या वेळानं दुसरं सोलायच्या.

मी निवृत्त झाले. नातू झाला. सात-आठ वर्षं अशी गेली की ऑपरेशन झालेलं आहे हे फक्त पायावरची पांढुरकी रेघ बघून आठवायचं.

मग एका श्रावणात माझ्या सुनेबरोबर नारायणगडावर दर्शनाला गेले. गर्दी होती, पण वारं छान होतं. चढावर अर्ध्यात आले आणि डाव्या जबड्यात ठणका लागला. मी जिथे होते तिथेच उभी राहिले. ज्या दाढेला मी दोष दिला होता ती तर तिथे नव्हतीच. हिरडीतल्या रिकाम्या जागेवर जीभ लावून बघितली. सुनेला म्हणाले, “बस जरा.” सावलीत टेकलो. ठणका थांबला. वर न जाता, तिथूनच हात जोडून आम्ही परत फिरलो.

दवाखान्यात ट्रेडमिलवर चालवलं, मग पुन्हा अँजिओग्राफी. या वेळी मनगटातून केली. मी पूर्ण जागी होते. बाजूच्या पडद्यावर माझंच हृदय हलत होतं आणि औषध सोडलं की काळ्या बारीक फांद्या उमटायच्या. डॉक्टर आता दुसरे होते, मध्यमवयीन बाई, आवाज मऊ. त्या बोट दाखवून सांगत होत्या.

“ही बघा छातीतली धमनी. आज जोडल्यासारखी आहे. ही पायातली एक शीर, हीसुद्धा वाहती आहे, आतून थोडी खडबडीत झालीय एवढंच.” मग त्यांनी औषध आणखी एका ठिकाणी सोडलं. एक छोटं बोंड उमटलं आणि संपलं. पुढे काही नाही. “आणि ही दुसरी. ही मुळापासून बंद आहे.”

“आता बंद पडली?”

“नाही. आताची वाटत नाही. कदाचित पहिल्या-दुसऱ्या वर्षातच गेली असेल.”

“मग एवढी वर्षं मी कालव्याच्या पुलापर्यंत कशी चालले?”

“हृदयानं स्वतःच आजूबाजूनं बारीक वाटा काढल्या. त्यावर भागत होतं. आता तिथली तुमची मूळची नळी आणखी आवळली, म्हणून जबडा दुखला.”

मला वाटलं होतं मी घाबरेन. पण मी चिडले. मनगटात नळी, अंगावर हिरवी चादर, आणि मी परीक्षेत नापास केलेल्या हुशार मुलीसारखी विचारत होते, “माझं काय चुकलं? एक गोळी चुकवली नाही मी.”

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली ओढला. “तुमचं काही चुकलं नाही. शीर ही संथ रक्तासाठी असते. तिला आपण धमनीच्या जोराला जुंपतो. कुणाची सोसते, कुणाची आतून जाड होत जाते, कुणाची गुठळी धरून लवकर बंद पडते. तुम्ही नियम पाळलेत म्हणून बाकीच्या दोन्ही वाटा अशा आहेत. तेही तुमचंच आहे की.”

बंद पडलेल्या शिरेच्या मागे त्या लागल्या नाहीत. माझी मूळचीच नळी फुग्यानं उघडून त्यात स्टेंट बसवला. तिसऱ्या दिवशी मी घरी होते. मालकांनी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती, तिच्यात मीठ घालायला विसरले होते, आणि आम्ही दोघांनी ती तशीच खाल्ली.

आपांना मी फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी “या अल्ला” म्हटलं, खूप दुवा दिल्या. माझ्यामुळे त्यांच्या घरचे घाबरले. त्यांना काही होत नव्हतं, तरी मुलानं त्यांचं सीटी स्कॅन करून आणलं. त्या स्कॅनला जाणार हे मला माहीत होतं. नंतर त्यांचा फोन आला नाही. मी केला तर सून उचलायची. “अम्मी नमाज पढतायत,” “अम्मी झोपल्यात.” एक आठवडा, दोन आठवडे. माझ्या मनात नको ते येऊ लागलं. शेवटी मी मालकांना म्हटलं, “मला बीडला न्या.”

आधी त्यांच्या दुकानावर गेलो. मुलगा सीताफळांचे क्रेट उतरवून घेत होता. मी विचारलं, “अम्मीचं काय निघालं? खरं सांग.”

तो गोंधळला. “मावशी, सगळं चांगलं हाय. जोडलेल्या तिन्ही नळ्या खुल्या. डॉक्टर बोलले, लई छान टिकल्यात.”

“मग त्या माझा फोन कावून घेत न्हाईत?”

“मला न्हाई माहीत. तुम्हीच विचारा तिला,” म्हणाला आणि एक सीताफळ माझ्या हातात ठेवलं.

आपा घरात खुर्चीवर तसबीची माळ घेऊन बसल्या होत्या. मला दारात बघून उठल्या आणि परत बसल्या. मालक बाहेर ओट्यावर थांबले.

“आपा,” मी म्हटलं, “तुझ्या नळ्या खुल्या हायेत म्हणं.”

त्यांनी मान खाली घातली.

“मग पेढे कावून न्हाई दिले? मी इकडं काय काय मनात आणून बसले.”

“कुठल्या तोंडानं सांगू?” आपा म्हणाल्या. “तू घड्याळावर चालणारी, घड्याळावर गोळी खाणारी. मी दोन वर्सं मिसरी लावली. बिर्याणी खाल्ली. अन् तुझी शीर बंद, माझ्या खुल्या. मला लाज वाटली बाई. तुझा हिस्सा मी खाल्ल्यावानी वाटलं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. खरं सांगायचं तर गाडीत येताना दुकानापासून घरापर्यंतच्या त्या एवढ्याशा वाटेत मलाही टोचलं होतंच, तिच्या कशा आणि माझी का नाही म्हणून. पण समोर त्यांना अशी गुन्हेगारासारखी बसलेली बघून ते सगळं कुठे गेलं कळलं नाही.

“अगं, वाटून मिळालेल्या शिरा हायेत का त्या? तुझ्या पायातली तुझी, माझ्या पायातली माझी,” मी म्हटलं. “डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणाची सोसती, कुणाची न्हाई. अन् मिसरी सोडली न्हाईस का तू? मी असते तर सोडली असती का, मला न्हाई माहीत. मला तर सोडायला काही नव्हतंच.”

“खरंच तुला राग न्हाई?”

“राग हाय. फोन न घेतल्याचा हाय.”

आपांनी माझा हात धरला आणि रडल्या, मग रडता रडता हसल्या. आता टाके ओढायला राहिले नव्हते. सुनेनं चहा आणला, बिनसाखरेचा. मागोमाग कुठूनसे खरंच पेढे आले. मालकांना आत बोलावलं. आपा त्यांना म्हणाल्या, “दादा, तुमची बायको लई कडक हाय.” मालक म्हणाले, “मला सांगताय?” आणि सगळं घर हसलं. चार पेढे वाटीत होते. कुणी किती खाल्ले हे डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं.

त्यालाही आता काही वर्षं झाली. दोघी अजून तपासणीला बरोबर जातो. आपांच्याही एका शिरेत अलीकडे थोडं जाड झालेलं दिसलंय. ते त्यांनी मला त्याच दिवशी, स्कॅन करून बाहेर आल्या आल्या, दवाखान्याच्या दारातूनच फोनवर सांगितलं. आवाजात भीती नव्हती. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि पुढच्या वर्षी या म्हणाले. गेल्या महिन्यात आम्ही दोघी त्यांच्या मुलाच्या टेंपोत बसून मांजरसुंब्याकडे गेलो, डोंगराची सीताफळं बघायला. तो बागवानाशी भाव करत होता तोवर आम्ही ढाब्यावर बाजेवर बसलो. रस्त्यावरून ट्रक जात होते. आपा सुनेच्या माहेरच्या लग्नाची गोष्ट सांगत होत्या. ती इतकी लांबली की मुलगा माल भरून आला तरी नवरी मांडवात पोचली नव्हती.

घरी माझं चालणं चालू आहे. फरक एवढाच की स्टेंट बसवल्यापासून मालक बरोबर येतात. आमच्याकडे बाप्यानं पुढं चालायचं आणि बाईनं चार पावलं मागं. लग्नापासून मी त्यांची पाठ बघत आले. पहिले काही दिवस ते तसेच पुढे जायचे आणि दर थोड्या वेळानं वळून बघायचे, मी आहे का, उभी आहे का. मान अवघडली तेव्हा माझ्या मागून चालायला लागले. ते मलाच बरं वाटेना. “मागून कुणी आलं की मला पळावंसं वाटतं,” मी म्हटलं. आता आम्ही बरोबरीनं चालतो. कालव्याला पाणी सुटलेलं असलं की बोलणं नीट ऐकू येत नाही, तरी ते बोलत असतात. कापसाला बोंडं चांगली लागलीत, शेजाऱ्याची म्हैस आमच्या बांधावर आली होती, नातवाला सायकल घ्यायची का. समोरून येणारी माणसं पहिल्यांदा हसायची. आता नमस्कार करतात आणि वाट देतात.

काल पुलावर टेकलो होतो. त्यांनी विचारलं, “दमलीस का?”

“न्हाई. तुमी?”

“मी थोडा दमलो,” ते म्हणाले. मग आम्ही आणखी जरा वेळ तिथेच बसलो.